आतल्या काकू आणि चिलखतवाली

त्या स्टुडिओत पुढच्या खोलीत काका असत आणि मागच्या खोलीत काकू. फोटो काका काढत, त्यामुळे दारावरच्या पाटीवर नाव काकांचं, भिंतीवरची प्रशस्तिपत्रं काकांची, आणि "काय सुंदर फोटो काढता हो तुम्ही" हे ऐकून "छे छे" म्हणत लाजायचं कामही काकांचंच. काकूंना लोक आतल्या काकू म्हणत. लोक म्हणजे तरी कोण, शेजारचा झेरॉक्सवाला आणि जिना झाडणारी बाई. बाकीच्यांना आत कोणी बसतं याचा पत्ताच नव्हता.

आत बसून काकू चेहरे साफ करत. लग्न होऊन त्या इथे आल्या तेव्हा हे काम पेन्सिलीने चाले. खालून दिवा लावलेली तिरकी काच, तिच्यावर निगेटिव्ह, डोळ्याला भिंग आणि सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. बारीक बारीक ठिपके देत काकू लोकांच्या पुटकुळ्या घालवत, कांजिण्यांचे वण बुजवत, रात्रपाळी करणाऱ्यांना झोप झाल्यासारखे डोळे देत. पुढे कॉम्प्युटर आला, पेन्सिलीच्या जागी प्लॅस्टिकचं पेन आणि ते फिरवलं की पडद्यावर उमटणारी काळी पाटी आली, पण हात तोच राहिला आणि सवयही तीच राहिली. निगेटिव्हवर पेन्सिल चालली की चालली, मूळचा चेहरा गेला तो गेला. कॉम्प्युटरवरही काकू साफ केलेला फोटो मूळ फोटोवरच सेव्ह करत. खराब प्रत जपून काय करायची आहे, असं त्यांचं म्हणणं.

आता या कामाची गंमत, गंमत कसली, जाच असा की ते चांगलं झालं तर कोणाला दिसत नाही. दिसलं तर ते वाईट झालेलं असतं. पस्तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने आत डोकावून "काकू, हे तुम्ही केलंत?" असं विचारलं नाही. विचारणार कसं? प्रत्येकाला आपला चेहरा मुळातच तसा आहे असं वाटे. दरवर्षी शाळेच्या ओळखपत्रांचे साडेतीनशे फोटो येत, तेव्हा काकू आठवडाभर पाठ मोडेपर्यंत बसत, आणि मुख्याध्यापकांची शाबासकी काका घेऊन येत. येताना ती अर्धीही घरी पोचत नसे.

काकूंना राग येई तो असा येई. भांडी आपटणाऱ्या बाईचा राग नव्हे तो. त्यांचा राग मुरलेला होता. त्या काकांशी बोलत, जेवायला वाढत, औषधाच्या गोळ्या मोजून देत, आणि आतून सतत धुमसत असत. काका म्हणत, "हिचं काय बिनसलंय कोण जाणे." पस्तीस वर्षं ते हेच म्हणत होते. एकदा विचारून बघावं असं मात्र त्यांना वाटलं नाही.

तर एका गुरुवारी काका आत आले आणि म्हणाले, "अगं, रविवारी जरा मंडळी येणार आहेत. कॉसप्लेवाली."

"ते काय असतं?"

"कॉमिक्समधली, गेममधली पात्रं असतात ना, तसे पोशाख घालून येतात. स्वतः शिवतात, रंगवतात. मोठी माणसं आहेत हां, पोरंटोरं नाहीत."

"मोठ्या माणसांना दुसरी कामं नाहीत वाटतं?"

"रविवार आहे ना."

"माझाही रविवारच आहे," काकू म्हणाल्या. पण तोवर काका पुढे निघून गेले होते. त्यांनी होकार आधीच देऊन टाकला होता.

या मंडळींची म्होरकी दातांची डॉक्टर होती. ती शुक्रवारी येऊन स्टुडिओ बघून गेली आणि जाताना अटी सांगून गेली. फोटो निवांत काढायचे. कोणाला घाई करायची नाही, ओरडायचं नाही, दोन फोटोंच्या मध्ये चहा हवा. शेवटची अट तिने काकांना दोनदा सांगितली. "फोटोतलं काही काढायचं नाही. जखमा, रक्त, सुरकुत्या, सगळं तसंच राहिलं पाहिजे." काका म्हणाले, "अहो, काळजीच सोडा." मग आत येऊन काकूंना म्हणाले, "ऐकलंस ना? त्यांनी रंगवलेलं काही पुसू नकोस."

काकूंना तेव्हाच तिडीक आली. पस्तीस वर्षं पुसायला लावलं, आता म्हणे पुसू नकोस. मग मी बसू कशाला इथे?

रविवारी दहा वाजता मंडळी आली. डॉक्टरीणबाई जलराणी होऊन आल्या होत्या. त्यांची शेपटी इतकी लांब होती की ती दारात अडकली आणि झेरॉक्सवाल्याला ती उचलून आत आणून द्यावी लागली. बँकेतला एक कारकून पुठ्ठ्याचा यंत्रमानव झाला होता. त्याला बसता येईना, त्यामुळे त्याने दिवसभर उभ्यानेच चहा प्यायला, तोही नळीने. एका शिंपीणबाईंनी स्वतःला शंभर वर्षांची चेटकीण करून घेतलं होतं आणि नाकावरची चामखीळ त्या सारखी चाचपून बघत होत्या. काका सवयीने "हनुवटी वर! श्वास धरा! हलायचं नाही!" असं ओरडले की सगळे हसत आणि डॉक्टरीणबाई शेपटी आपटून म्हणत, "निवांत, काका, निवांत." काकांच्या कपाळाला घाम आला. निवांतपणा हा काही त्यांचा विषय नव्हता.

काकांचा मदतनीस आजारी पडला होता, म्हणून काकूंना बाहेर यावं लागलं. प्रकाश परतवायचा पांढरा थर्माकोल धरून त्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या. तिथून त्यांनी ती मुलगी पाहिली.

बावीसेक वर्षांची असेल. कुरियरच्या ऑफिसात पार्सलं लावण्याचं काम करायची. तिने जमिनीवर अंथरायच्या फोमच्या चटया कापून, तापवून, वाकवून अंगभर चिलखत केलं होतं, आणि त्यावर असा रंग दिला होता की ते खरोखरीच्या लोखंडासारखं जागोजागी पोचे पडलेलं वाटे. बाकीचे कोणा ना कोणाची नक्कल करून आले होते. हिने आपलं पात्र स्वतःच रचलं होतं: एका शहराच्या वेशीवर पहारा देणारी शिपाईण. तिच्या डाव्या कानापासून हनुवटीपर्यंत आणि तिथून खाली गळ्यावर भाजल्याचा मोठा वण होता. कातडी आवळल्यामुळे ओठाचा कोपरा थोडा खाली ओढला गेला होता. कपाळावर तलवारीची जखमही होती.

कपाळावरची जखम रंगवलेली आहे आणि गालावरचा वण खरा आहे हे काकूंनी दहा फुटांवरून ओळखलं. पस्तीस वर्षं भिंग लावून माणसांची कातडी बघितली होती त्यांनी. बाकी कोणाला ते कळलं नसतं. यंत्रमानव तर तिला म्हणालासुद्धा, "गालाचं काम एक नंबर झालंय तुझं." त्यावर ती मुलगी खो खो हसली आणि म्हणाली, "सतरा वर्षं लागली."

ते हसणं काकूंना फार आवडलं. आणि त्याच क्षणी त्यांनी मनाशी ठरवलं की या पोरीला आपण असा फोटो द्यायचा की तिने बघतच राहावं.

सोमवार आणि मंगळवार काकूंनी त्या एका फोटोवर घातले. बाकीच्यांचे फोटो त्यांनी अटीप्रमाणे जसेच्या तसे सोडले, चेटकिणीची चामखीळ, जलराणीचे खवले, सगळं. मुलीच्या कपाळावरची रंगवलेली जखमही सोडली. गालावरचा वण मात्र त्यांनी घालवला. उजव्या गालाची कातडी घेऊन डाव्या गालावर बसवली, प्रकाश उलटा पडतो म्हणून सावल्या नव्याने घातल्या, एक एक छिद्र भरलं, ओठाचा कोपरा केसाइतका केसाइतका वर घेतला. त्यात त्यांनी जीव ओतला. मंगळवारी संध्याकाळी फोटो पुरा झाला तेव्हा त्यांनी स्वतःच भिंग लावून शोधलं आणि त्यांनाही कुठे काही सापडलं नाही. नेहमीप्रमाणे त्यांनी तो मूळ फोटोवर सेव्ह केला. तिचे उरलेले तीन फोटोही त्यांनी त्याच रात्री तसेच साफ करून मूळ फोटोंवरच सेव्ह केले. कॅमेऱ्यातलं कार्ड काकांनी रविवारीच पुसून ठेवलं होतं.

बुधवारी दुपारी तीन वाजता मुलगी एकटीच फोटो न्यायला आली. अंगात कुरियरचा शर्ट, पाठीला सॅक. काकांनी पाकीट दिलं. तिने ते तिथेच उघडलं.

आतल्या खोलीत काकूंना आधी काहीच ऐकू आलं नाही. मग फोटो काउंटरवर आपटल्याचा आवाज आला.

"हे काय आहे?"

"का? काय झालं?" काका म्हणाले.

"ही कोण आहे? ही मी नाहीये. माझा गाल कुठेय?"

"अगं, किती छान दिसतेयस बघ तरी."

"काही काढायचं नाही असं सांगितलं होतं ना तुम्हाला? दोनदा सांगितलं होतं!"

यावर काका काय म्हणाले ते काकूंच्या आयुष्यभर लक्षात राहील. काका म्हणाले, "ते आतलं काम. ते मी नाही करत, हिचं असतं ते." आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकासमोर आतल्या दाराकडे बोट दाखवलं.

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पस्तीस वर्षं शाबासकी झेलताना हे दार दिसलं नाही, आणि आज बरं दिसलं! त्या तरातरा बाहेर आल्या. पण राग काढला तो त्या मुलीवर. माणसं असंच करतात. जिथे निघायला हवा तिथे निघत नाही, जो समोर येईल त्याच्यावर निघतो.

"मी केलंय ते," काकू म्हणाल्या. "दोन दिवस मान मोडून केलंय. बारकाईने बघ आणि सांग कुठे जोड दिसतोय का. तू रंगवलेलं एकही ठिकाण पुसलेलं नाही. जे रंगवलेलं नव्हतं तेवढंच काढलं. तुझ्याच भल्यासाठी. आणि वर तूच आपटतेस?"

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले होते, पण ती रडत नव्हती.

"म्हणजे तुम्हीच त्या," ती म्हणाली.

"कोण मी?"

"पहिलीपासून दहावीपर्यंत शाळेचे फोटो तुमच्याच स्टुडिओतून यायचे ना? पाकिटावर तुमचा शिक्का असायचा. माझी दहा ओळखपत्रं आहेत घरी. दहाच्या दहांवर दुसरीच मुलगी आहे. गोरीगोमटी, गुळगुळीत. मला वाटायचं मशीनच तसं करतं. दहावीच्या परीक्षेला दुसऱ्या शाळेत नंबर होता. दारावरच्या बाईंनी कार्ड बघितलं, मला बघितलं, आणि म्हणाल्या, ही तू नाहीस. पंचवीस मिनिटं मला बाहेर उभं केलं. सगळी मुलं आत पेपर लिहीत होती आणि मी बाहेर उभी राहून सांगत होते की ही मीच आहे, मीच आहे. कोणाच्या भल्यासाठी होतं ते?"

काकू आठवू लागल्या. त्यांना आठवेना. ती मुलगी, तो गाल, काहीसुद्धा आठवेना. साडेतीनशे चेहऱ्यांच्या ढिगात दरवर्षी एक डाग येई आणि दरवर्षी त्या तो हात न थांबवता पुसत. बाकीच्या पुटकुळ्यांसारखाच.

"आज संध्याकाळी सहाला मला ॲडमिट व्हायचंय," मुलगी म्हणाली. "उद्या ऑपरेशन आहे. मान आवळत चाललीय, म्हणून करावंच लागतंय. माझी ना नाही. पण सतरा वर्षं मी हाच चेहरा घेऊन सगळीकडे गेले आणि त्याचा एक फोटो नाही माझ्याकडे. घरचे काढायचे ते उजव्या बाजूने. मोबाइलवर मी कधी काढला नाही, कारण मला... ते जाऊ दे. मी चार महिने चिलखत केलं ते त्याच्यासाठी. म्हटलं, एकदा धीर करून समोर बसायचं. आणि मी बसले! आणि तुम्ही..."



"मूळ फोटो असेल की कॉम्प्युटरवर," काका म्हणाले.

"नाही," काकू म्हणाल्या.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. मी त्याच्यावरच सेव्ह केला."

पस्तीस वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी काकूंचं काम दिसलं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी मनातल्या मनात हा प्रसंग कितीदा रंगवला होता, कोणीतरी फोटो हातात घेईल, दाराकडे बघेल आणि विचारेल, हे तुम्ही केलंत? विचारलं ते असं.

"मग आता पुढच्या आठवड्यात..." काकांनी सुरुवात केली.

"पुढच्या आठवड्यात तिचा चेहरा दुसरा असेल, कळत कसं नाही तुम्हाला?" काकू कडाडल्या. "बस गं त्या स्टुलावर. आत्ता काढू."

"आत्ता? चिलखत घरी आहे. जाऊन येऊन, घालून तयार व्हायला तीन तास लागतात."

"चिलखत राहू दे. बस."

काकांनी कॅमेऱ्याकडे हात नेला. "तुम्ही नाही," काकू म्हणाल्या. "तुम्ही बाहेर जाऊन बसा."

"अगं, तुला कुठे येतं?"

"बाहेर बसा म्हटलं ना!"

काका बाहेर जाऊन झेरॉक्सवाल्याच्या बाकावर बसले. काकूंनी दिवा ओढून मुलीच्या डाव्या बाजूला आणला. काका नेहमी तो उजवीकडे लावत, म्हणजे डावा गाल सावलीत जातो आणि आतलं काम कमी होतं. काकूंनी कॅमेरा कधीच धरला नव्हता अशातला भाग नाही. मुलगी कुरियरच्या शर्टात ताठ बसली होती आणि काकूंकडे असं बघत होती की आता झडप घालेल. काकूंनी तिला हस म्हटलं नाही, हनुवटी वर कर म्हटलं नाही. त्यांना तो हक्क राहिला नव्हता हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी फक्त नऊ वेळा बटण दाबलं.

मग दोघी आत गेल्या. आतल्या खोलीत एकच खुर्ची होती, कारण तिथे दुसरं कोणी कधी आलंच नव्हतं. मुलगी काकूंच्या मागे उभी राहिली आणि पडद्याकडे बघत राहिली, जणू चोरावर पाळत ठेवावी तशी. तिने पाचवा फोटो निवडला. काकूंनी प्रकाश जरा बरोबर केला, चौकट कापली, छपाईला दिला. कागद बाहेर आला. मुलीने तो खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ पाहिला.

"इथे पुळी होती," ती म्हणाली.

"कुठे?"

"इथे, नाकाजवळ. सकाळीच आलीय. ही बघा, अजून आहे. फोटोत नाहीये."

काकूंनी पाहिलं. खरंच नव्हती. कधी पुसली ते त्यांना कळलंही नव्हतं. मुलगी मागे डोळ्यांत तेल घालून उभी असताना, तिच्या देखत, हाताने आपला परस्पर ठिपका देऊन टाकला होता. काकूंना स्वतःच्या हाताचा इतका संताप आला की त्यांनी प्लॅस्टिकचं पेन उचलून कोपऱ्यात भिरकावलं. ते भिंतीवर आपटून कपाटाखाली गेलं.

"ते लागेल ना तुम्हाला," मुलगी म्हणाली. तिचा आवाज अजून कडकच होता.

"लागू दे. मग बघेन."

या वेळी कार्ड पुसलेलं नव्हतं, मूळ फोटो जागेवर होता. काकूंनी पेनाचा हात मांडीवर ठेवून, दुसऱ्या हाताने नुसत्या माउसची दोन बटणं दाबली आणि तो तसाच छापला. गालासकट, ओढलेल्या ओठासकट, पुळीसकट. मुलीने तो पुन्हा खिडकीपाशी नेला. कानापासून गळ्यापर्यंत बोट फिरवत बघितला, फोटोवर आणि मग स्वतःवर. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून तो सॅकमध्ये ठेवला. तिने आभार मानले नाहीत आणि काकूंनी माफी मागितली नाही. मागायला हवी होती. पण "चुकलं माझं" हे शब्द त्या घरात कोणी वापरत नसे, त्यामुळे ते वेळेला सापडले नाहीत. दाराशी जाऊन मुलगी एवढंच म्हणाली, "त्या दहा फोटोंचे मूळ फोटो असतील का तुमच्याकडे?"

काकू म्हणाल्या, "बघते." आणि ती गेली.

काका आत आले. "गेली का एकदाची? अगं, त्या डॉक्टरीणबाईंना सांगेल ती. तू एक फोन करून गोड बोलून टाक ना."

"तुम्ही बोला," काकू म्हणाल्या. "पाटीवर नाव तुमचं आहे."



काकूंनी दार लावून घेतलं आणि शाळेची जुनी फोल्डरं उघडली. मूळ फोटो नसणार हे त्यांना ठाऊक होतं. तरी वाटलं, निदान ती मुलगी तरी दिसेल, केवढीशी होती ते तरी कळेल. फोटोंना नावं नव्हती, नुसते नंबर होते. वर्ष त्यांनी अंदाजाने धरलं. पहिलीच्या मुली, दोन वेण्या, निळी कॉलर. त्या एक एक चेहरा पाहत गेल्या. ही असेल का? की ही? डोळ्यांवरून ओळखायचा प्रयत्न केला, कपाळावरून केला. मग भिंग काढलं आणि पडद्याला लावून प्रत्येकीचा डावा गाल बघायला सुरुवात केली, कुठे एखादी कड राहिली असेल, कुठे हात चुकला असेल म्हणून. पहिलीच्या संपल्या की दुसरीच्या, असे साडेतीनशे चेहरे बघून झाले. एकाही ठिकाणी हात चुकलेला नव्हता.